पहिल्या बिल्डपर्यंतची वाट: ओपन सोर्स प्रकल्पात नवख्यांसाठी डॉक्युमेंटेशन आणि बिल्डची साधनं कशी सुधारायची

एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड उतरवून घ्यायचा, तो आपल्या लॅपटॉपवर कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा (यालाच बिल्ड म्हणतात), एक ओळ बदलायची आणि तो बदल चालताना पाहायचा. इथपर्यंत पोचलेला माणूस पुढे काहीतरी काम करतो. बरेच जण त्याआधीच गळतात आणि जाताना कुणाला काही सांगत नाहीत. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, हे दिसत नाही, कारण त्याच्या मशीनवर सगळं वर्षानुवर्षं बसवलेलं असतं.

ही वाट दुरुस्त करणं हे खरं योगदान आहे, आणि त्यासाठी प्रकल्पाचा सगळा कोड कळलेला असण्याची गरज नाही. थोडं प्रोग्रॅमिंग, गिटची ओळख आणि चिकाटी एवढं पुरतं. पुढे सांगितलेल्या सगळ्या कामामागे एकच नियम आहे: जी पायरी मशीनला करता येते ती पानावर लिहून ठेवायची नाही, साधनात घालायची. पानावर फक्त माणसाने ठरवायच्या आणि समजून घ्यायच्या गोष्टी राहू द्यायच्या.

कोरं मशीन आणि नोंदवही

प्रकल्प असा निवडा, जो तुम्ही स्वतः वापरता. मग कोऱ्या मशीनवर त्याच्या सूचना पहिल्या ओळीपासून, जशा लिहिल्या आहेत तशाच पाळा. स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर हे करून उपयोग नाही. तिथे आधीच दहा लायब्ररी पडून असतात आणि सूचनांमधली भोकं झाकली जातात. डॉकर किंवा पॉडमन या साधनांत उबुंटूची मूळ इमेज चालवली की कंटेनर, म्हणजे तुमच्या मशीनच्या आत वेगळं कोरं मशीन, मिळतं. त्यात गिटसुद्धा नसतं, कंपायलर नसतो, आणि तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेले वापरकर्ते, असल्यामुळे ते अधिकार मागणारी ‘सुडो’ कमांडही नसते. ‘सुडो’ची अडचण ही कंटेनरची आहे, सूचनांची नाही, ती नोंदीतून वगळा.

कंटेनर सुरू करताना मेमरीची मर्यादा ८ जीबी ठेवा. विद्यार्थ्यांचे बरेच लॅपटॉप तेवढेच असतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्याची अवस्था आणखी अवघड असते, कारण ते मूळ सेटिंगमध्ये मशीनच्या निम्मीच मेमरी घेतं. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर बिल्डच्या वाट्याला ४ जीबी येतात. शिवाय कोड विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवून डब्ल्यूएसएलमधून कंपाइल केला तर फाइल वाचणं फार मंद होतं. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच हवा. ही दोन वाक्यं ज्या बिल्डच्या पानावर नाहीत, तिथे ती घालणं हेच तुमचं पहिलं योगदान होऊ शकतं.

नोंदवहीत प्रत्येक अडखळण्याबद्दल चार गोष्टी लिहा: सूचना काय होती, तुम्ही काय टाइप केलं, पडद्यावर शब्दशः काय आलं, आणि अडचण कशाने सुटली. लिनक्सवर ‘स्क्रिप्ट’ नावाची कमांड सुरू करून ठेवली की टर्मिनलवरचं सगळं फाइलमध्ये उतरतं. गूगल करून उत्तर सापडलं की नोंद न करता पुढे जायचा मोह होतो, आणि नेमकी तीच नोंद सगळ्यांत मोलाची असते. कारण ते उत्तर प्रकल्पाच्या पानावर असायला हवं होतं.

नोंदींची वाटणी

नोंदी तीन ढिगांत टाका. पहिल्यात पानावर नसलेली माहिती, दुसऱ्यात पानावर असलेली पण जुनी झालेली माहिती. तिसऱ्यात अशा पायऱ्या, ज्या माणसाला करायला लावूच नयेत. नवखे लोक पहिल्या दोन ढिगांवरच काम करतात आणि पान लांबत जातं. माझं मत असं की तिसऱ्या ढिगापासून सुरुवात करावी. तो कमी झाला की पहिल्या दोन ढिगांतल्या निम्म्या गोष्टी लिहायची गरजच उरत नाही.

काय बसवायचं ते साधनानेच सांगावं

सगळ्यांत जास्त माणसं जिथे गळतात ती जागा जवळून पाहू. एखाद्या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅमचं ‘कॉन्फिगर’ (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं की असा संदेश येतो: ‘पॅकेज रिक्वायरमेंट्स (जीटीके+-३.०) वेअर नॉट मेट’. जाणकाराला यात सगळं कळतं. नवखा मात्र हेच नाव पॅकेज मॅनेजरला देतो आणि असं पॅकेजच नाही असं उत्तर मिळवतो. कारण संदेशातलं नाव ‘पीकेजी-कॉन्फिग’ या लायब्ररी शोधणाऱ्या साधनाला कळणारं आहे. उबुंटू आणि डेबियनवर त्या पॅकेजचं नाव ‘लिबजीटीके-३-डेव्ह’, फेडोरावर ‘जीटीके३-डेव्हेल’ आणि आर्चवर नुसतं ‘जीटीके३’. डेबियन आणि फेडोरा कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइल वेगळ्या पॅकेजात ठेवतात, आर्च ठेवत नाही. हे नवख्याला कोण सांगणार?

पानावर तीन डिस्ट्रोंच्या (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांच्या) तीन याद्या लिहिणं हा नेहमीचा उपाय. त्या याद्या सहा महिन्यांत शिळ्या होतात. त्याऐवजी एक छोटी तपासणी-स्क्रिप्ट लिहा. तिने ‘ओएस-रिलीज’ फाइल वाचून डिस्ट्रो ओळखावा, प्रत्येक लायब्ररी आणि तिची किमान आवृत्ती तपासावी, आणि शेवटी एकच ओळ छापावी: ‘ही पाच पॅकेजं नाहीत, ही कमांड चालवा.’ पहिल्या चुकीवर थांबू नये. एक पॅकेज बसवा, पुन्हा चालवा, पुढची चूक पाहा, पुन्हा बसवा, या फेऱ्यांतच माणसाचा धीर सुटतो.

याचे चांगले नमुने डोळ्यासमोर आहेत. लिनक्स कर्नलमध्ये डॉक्युमेंटेशन बनवण्यासाठी ‘स्फिंक्स-प्री-इन्स्टॉल’ ही स्क्रिप्ट आहे. ती डिस्ट्रो ओळखून नेमकी बसवायची कमांड दाखवते. ‘फ्लटर डॉक्टर’ हेच काम मोबाइल ॲप बनवणाऱ्यांसाठी करतं. सीपायथन कंपाइल झाल्यावर कोणते ऐच्छिक मॉड्यूल बनवता आले नाहीत याची यादी शेवटी छापतो. त्यामुळे ‘लागतंच’ आणि ‘नसलं तरी चालेल’ यांतला फरक आपोआप दिसतो. तुमच्या स्क्रिप्टनेही हा फरक ठळक दाखवावा. घाबरवणाऱ्या पिवळ्या ओळी आणि खरी अडचण एकाच रंगात आल्या तर वाचणारा दोन्हींकडे दुर्लक्ष करतो.

स्क्रिप्ट कशात लिहायची? प्रकल्पाला जे आधीच लागतं त्यातच. निव्वळ सी भाषेच्या प्रकल्पाची तपासणी करायला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) बसवायला लावू नका.

एक कमांड, पण बिल्ड सिस्टीम तीच

पुढची पायरी म्हणजे तपासणी, कॉन्फिगर, कंपाइल आणि चालवणं या सगळ्यांना एक दार देणं. मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये ‘मॅक’ नावाची एकच कमांड आहे. ‘मॅक बूटस्ट्रॅप’ विचारतं की तुम्हाला कशावर काम करायचंय, आणि त्यानुसार लागणारी साधनं उतरवून देतं. रस्टच्या कंपायलरमध्ये ‘एक्स सेटअप’ आहे. तेही आधी विचारतं: लायब्ररीवर काम करणार, कंपायलरवर, की साधनांवर? उत्तरानुसार योग्य सेटिंग लिहून ठेवतं. हा प्रश्न विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्युमेंटेशनमधल्या ‘जर तुम्ही अमुक असाल तर’ अशा दहा परिच्छेदांची जागा तो एकटा घेतो.

इथे एक इशारा. उत्साहाच्या भरात ‘हे जुनं मेक काढून मेसन आणू या’ असा प्रस्ताव घेऊन जाऊ नका (दोन्ही बिल्ड सिस्टीम, म्हणजे कंपाइलचं काम चालवणारी साधनं). मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं, आणि त्यातली टॅब आणि स्पेसची कटकट आजही नवख्याला छळते, हे खरं. पण बिल्ड सिस्टीम बदलणं म्हणजे प्रत्येक डिस्ट्रोच्या पॅकेज करणाऱ्याचं, रिलीज काढणाऱ्याचं आणि न ऐकलेल्या प्लॅटफॉर्मवर प्रकल्प चालवणाऱ्याचं काम बदलणं. ग्नोम आणि सिस्टमडी हे लिनक्सचे मोठे प्रकल्प मेसनवर गेले ते त्यांच्या मुख्य डेव्हलपरांनी मनावर घेतलं म्हणून. नव्या माणसाने जुन्या सिस्टीमवर पातळ आवरण घालावं: पन्नास-साठ ओळींची स्क्रिप्ट, जी आत तेच मेक किंवा सीमेक चालवते आणि चालवलेली प्रत्येक कमांड पडद्यावर दाखवते. सीमेक असेल तर ३.१९ आवृत्तीपासून आलेले प्रीसेट वापरा. लांबलचक पर्याय एका फाइलमध्ये जातात आणि एडिटरही तीच फाइल वाचतात.

मेमरी, वेळ आणि डेटा पॅक

मोठ्या सी++ प्रकल्पात बिल्ड सत्तर टक्क्यांवर जाऊन मरतं आणि पडद्यावर येतं: ‘फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’. नवखा समजतो की कोडमध्ये किंवा कंपायलरमध्ये बिघाड आहे. खरं कारण असं की सूचनांमध्ये ‘जितके कोअर तितकी कामं एकदम’ असं लिहिलेलं असतं, आठ कोअरवर आठ कंपायलर एकदम सुरू होतात, प्रत्येकाला जीबीच्या घरात मेमरी लागते, आणि कर्नल त्यांतला एक मारून मशीन वाचवतं. ‘डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ सापडते.

यावर पानात ‘मेमरी कमी असेल तर आकडा कमी करा’ असं लिहिणं म्हणजे ओझं पुन्हा वाचणाऱ्यावर टाकणं. ‘टाइम’ कमांडच्या सविस्तर पर्यायाने एका मोठ्या फाइलच्या कंपाइलला कमाल किती मेमरी लागते ते मोजा. समजा ती २ जीबीच्या आसपास आली, तर आवरण-स्क्रिप्टने उपलब्ध मेमरीला २ जीबीने भागावं, तो आकडा आणि कोअरची संख्या यांतला लहान घ्यावा, आणि सांगावं: ‘८ कोअर आहेत, पण मेमरी ८ जीबी असल्याने ४ कामं एकदम चालवतोय.’ लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडायला, त्याहून जास्त लागते. म्हणूनच एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात एकदम किती लिंक चालवायचे याचा स्वतंत्र पर्याय आहे. तुमच्या प्रकल्पात निन्जा ही बिल्ड सिस्टीम असेल तर ‘पूल’ (एकदम चालणाऱ्या कामांची मर्यादा) वापरून हेच करता येतं.

वेळ वाचवण्यासाठी ‘सीकॅश’ (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं साधन) चालू करणं सोपं आहे, पण त्याचा फायदा दुसऱ्या बिल्डपासून. पहिल्या बिल्डसाठी मोझिलाने शोधलेला मार्ग जास्त परिणामकारक: आर्टिफॅक्ट बिल्ड. ज्याला फक्त वरच्या थरात, म्हणजे जावास्क्रिप्ट किंवा सीएसएसमध्ये बदल करायचाय, त्याने सी++चा डोंगर का कंपाइल करावा? तो भाग सर्व्हरवर आधीच बनलेला असतो, तो उतरवून घेतला जातो आणि तासांचं काम मिनिटांवर येतं. तुमच्या प्रकल्पाचं सीआय (सर्व्हरवर आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणारी व्यवस्था) रोज बिल्ड करतच असेल, तर त्याचं फळ नवख्याला उपलब्ध करून देता येईल का, हे मेंटेनरशी बोला.

कोड उतरवण्याबद्दल मुख्य पानांवर फारसं कुणी लिहीत नाही. गिट क्लोन मध्येच तुटलं तर पुन्हा शून्यापासून सुरू होतं; उरलेलं उतरवायची सोय त्यात नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या ठरावीक डेटात काम करणाऱ्यासाठी हे फार महाग पडतं. पानावर पहिलीच कमांड अंशतः क्लोनची द्या: ‘फिल्टर’ पर्यायात ‘ब्लॉब नन’ दिलं की इतिहास सगळा मिळतो, पण फाइलींच्या जुन्या आवृत्त्या लागतील तेव्हाच येतात. ‘डेप्थ १’ त्याहून हलकं, पण मग ‘ब्लेम’ आणि ‘लॉग’ निकामी होतात, आणि नवख्याला कोड समजून घ्यायला तेच सगळ्यांत जास्त लागतात. प्रकल्प फारच मोठा असेल तर गिट बंडल (कोड आणि इतिहास एकाच फाइलमध्ये) ठेवायची विनंती करा. कर्नल डॉट ओआरजीवर अशा बंडल फाइल आहेत. त्या साध्या डाउनलोडसारख्या, तुटल्या तरी तिथूनच पुढे उतरवता येतात.

मराठी मशीनवर चालवून पाहा

ही चाचणी आपल्याला सहज जमते आणि इतरांना सुचत नाही. विंडोजवर ज्याच्या खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘स्नेहा पाटील’ असं दोन शब्दांचं आहे, त्याच्या होम फोल्डरच्या मार्गात स्पेस येते, आणि मेकला मार्गातली स्पेस पेलत नाही. तेच नाव देवनागरीत असेल तर आणखी काही साधनं कोलमडतात. ‘माझे प्रकल्प’ नावाच्या फोल्डरात कोड ठेवून बिल्ड करा. तुटलं आणि दुरुस्त करता आलं, तर उत्तम. नाही आलं, तर तपासणी-स्क्रिप्टने सुरुवातीलाच सांगावं की मार्गात स्पेस किंवा इंग्रजीबाहेरची अक्षरं नकोत. तासाभराने गूढ एरर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मग सिस्टीमची भाषा मराठी करा. जावाच्या ९व्या आवृत्तीपासून भाषांची माहिती मुळातच सीएलडीआर या भाषांच्या माहितीसंग्रहातून येते, आणि तिथे मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. त्यामुळे कोडमध्ये लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) न देता आकडा मजकुरात बसवला की ‘१२’ असं देवनागरीत येतं. पडद्यावर ते छानच दिसतं. पण त्याच पद्धतीने आवृत्ती क्रमांक, फाइलचं नाव किंवा एसक्यूएल बनत असेल तर बिल्ड किंवा चाचणी पडते, आणि मेंटेनरला त्याच्या मशीनवर काहीच दिसत नाही. अँड्रॉइडवरही हीच तऱ्हा. मशीनने वाचायच्या मजकुरासाठी लोकेल ठरवून द्यायचं, एवढाच उपाय आहे, आणि तो दोन ओळींचा पॅच असतो. अशा पॅचचं स्वागत होतं, कारण एरवी हा दोष त्यांना सापडलाच नसता.

विंडोजवरची आणखी एक ठरलेली अडचण: गिट ओळींचे शेवट बदलतं आणि मग शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सच्या पद्धतीचा ओळीचा शेवट) ठरवून टाकलं की हा प्रश्न प्रत्येकासाठी कायमचा मिटतो.

आता पान लिहा

साधनं सुधारली की पान छोटं होतं. त्यात एकच वाट ठेवा. ‘तुम्ही हेही करू शकता’ असे पर्याय दुसऱ्या पानावर. डॅनिएले प्रोचिदा यांच्या डायटॅक्सिस मांडणीत शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे चार प्रकार वेगळे ठेवतात. नवख्याचं पान शिकवणी आहे, तिथे प्रत्येक पर्यायाचा तक्ता नको.

प्रत्येक कमांडखाली तीन गोष्टी हव्यात: किती वेळ लागेल, किती जागा लागेल, आणि नीट झालं तर शेवटची ओळ काय दिसेल. तिसरी गोष्ट जवळपास सगळीकडे राहून जाते. वीस मिनिटं पडदा हलत नसेल तर तो अडकलाय की काम करतोय हे माणसाला कळायला हवं. ‘फक्त’, ‘नुसतं’, ‘सोप्पं आहे’ हे शब्द काढून टाका. ज्याला जमत नाही त्याला ते शब्द टोचतात.

बिल्ड झाल्यावर पान संपवू नका. पहिला बदल करायला लावा. गिटच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘माय फर्स्ट काँट्रिब्युशन’ हे पान आहे. ते वाचणाऱ्याकडून ‘पीसुह’ नावाची खोटी कमांड गिटमध्ये घालून घेतं, तिची चाचणी लिहायला लावतं आणि पॅच पाठवण्यापर्यंत नेतं. तुमच्या प्रकल्पात एवढं मोठं नको असेल तर एखाद्या मेनूतला शब्द किंवा ‘व्हर्जन’मध्ये छापली जाणारी ओळ बदलायला सांगा, आणि ती फाइल कुठे आहे ते सांगा. त्यानंतर एकच चाचणी कशी चालवायची तेही सांगा. सगळा चाचणीसंच कुणी पहिल्या दिवशी चालवत नाही.

लिब्रेऑफिसचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. २०१० मध्ये हा प्रकल्प ओपनऑफिसपासून वेगळा झाला तेव्हा जुन्या स्टारऑफिसच्या काळातल्या असंख्य टिपा कोडमध्ये जर्मन भाषेत होत्या. त्या इंग्रजीत आणण्याचं काम नवख्यांसाठी खुलं केलं गेलं आणि कित्येक वर्षं चाललं. त्यांच्या ‘ईझी हॅक्स’ यादीतल्या प्रत्येक कामात ‘कोड पॉइंटर’ द्यायचा असतो, म्हणजे बदल कोणत्या फाइलच्या आसपास करायचा याचा पत्ता. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल चिकटवून पत्ता न देणाऱ्या प्रकल्पात तुम्ही असाल, तर पाच जुन्या इश्यूंना, म्हणजे नोंदवलेल्या कामांना, असे पत्ते शोधून द्या. ते काम पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) मोजलं जात नाही, पण पुढच्या पाच जणांचे दिवस वाचवतं.

मराठीत काय लिहावं? ओळख, रचना आणि ‘अडल्यावर काय करायचं’ हा भाग जरूर लिहावा. कमांडची यादी मात्र मूळ पानातच राहू द्या, कारण ती बदलत राहते आणि जुना अनुवाद माणसाला फसवतो. प्रकल्प स्फिंक्स वापरत असेल तर गेटटेक्स्ट या अनुवादाच्या साधनाच्या पीओ फाइलींतून अनुवाद करा. मूळ वाक्य बदललं की त्या वाक्याचा अनुवाद ‘फझी’ म्हणून वेगळा पडतो आणि काय शिळं झालं ते कळतं.

पान खोटं ठरलं तर सीआय लाल व्हावं

पानातल्या कमांड एका छोट्या शेल फाइलमध्ये ठेवा आणि पानात तीच फाइल समाविष्ट करा. आठवड्यातून एकदा सीआयने कोऱ्या इमेजवर, कोणतंही कॅश न वापरता, ती फाइल चालवावी. रोजच्या सीआयमध्ये पॅकेजं आधीच बसवलेली असतात, त्यामुळे ते हिरवं असूनही नवख्याचं बिल्ड तुटलेलं असू शकतं. कोडची उदाहरणं असतील तर पायथनचं ‘डॉकटेस्ट’ किंवा रस्टचं ‘कार्गो टेस्ट’ ती डॉक्युमेंटेशनमधूनच चालवतं.

पाठवताना

आधी एक इश्यू उघडा: नोंदवहीतला सारांश, मशीनचा तपशील, आणि ‘यांतलं कुठलं मी दुरुस्त करावं?’ हा प्रश्न. मग लहान लहान पुल रिक्वेस्ट पाठवा. तपासणी-स्क्रिप्ट वेगळी, पानाचा बदल वेगळा, सीआय वेगळं. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमाच्या वेळी टी-शर्टसाठी रीडमीमध्ये निरर्थक शब्द घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला होता आणि आयोजकांना नियम बदलून प्रकल्पाची संमती आवश्यक करावी लागली. डॉक्युमेंटेशनचा बदल पाहिला की काही मेंटेनर अजूनही सावध होतात. तुमची नोंद सोबत असेल तर ती शंका राहत नाही: इथे अडलो, हे दिसलं, यामुळे सुटलं, कोऱ्या इमेजवर पुन्हा चालवून पाहिलं.

बदल स्वीकारला गेला की प्रकल्प कधीच न पाहिलेल्या एखाद्याला, शक्यतो ज्युनियरला, नवं पान द्या आणि शेजारी बसा. तो अडला तरी बोलू नका, नोंद करा. नंतर ‘कोडओनर्स’ (कोणता भाग कुणी तपासायचा ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये त्या पानापुढे आणि स्क्रिप्टपुढे तुमचं नाव घालायची आणि त्यासाठी लागणाऱ्या लिहिण्याच्या हक्काची परवानगी मागा, म्हणजे त्यांना हात लावणारा प्रत्येक बदल तपासणीसाठी तुमच्याकडे येईल. दर मोठ्या रिलीजआधी कोऱ्या कंटेनरमध्ये सगळं पुन्हा एकदा चालवा.